ओळखीचं वाटतं म्हणून खरं वाटतं

ताई, नमस्कार.
मी शाळेत गणित शिकवते. आमच्या घरच्या ग्रुपवर माझा मोठा भाऊ गेलं वर्षभर एकाच राजकीय दाव्याच्या पोस्ट टाकतो आहे. एका नेत्याने सरकारी पैसा भलतीकडे वळवला, असा तो दावा. पहिल्यांदा पोस्ट आली तेव्हाच मी मूळ अहवाल काढून वाचला. आकडा सपशेल खोटा आहे. दादाला दाखवलाही. तो म्हणाला, "एवढे लोक बोलतायत ते काय सगळे वेडे? आग असल्याशिवाय धूर निघत नाही." मी गप्प बसले. गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये तोच विषय निघाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, असं काहीतरी झालं होतं खरं." आपण काय बोललो ते घरी आल्यावर लक्षात आलं. ताई, तो अहवाल मी स्वतः वाचलेला आहे! मग मलाच ते खरं कसं वाटलं? माझी बुद्धी एवढी कच्ची आहे का? दादाशी पुन्हा बोलू की नको? बोलले तर कसं? की सरळ ग्रुपच सोडून देऊ?
– एक शिक्षिका

बाई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तो दावा आकड्यासकट लिहिलेला होता. इथे छापताना मी तो गाळला आहे. का गाळला, ते पुढे येईल. आधी तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेला प्रश्न घेते. तुमची बुद्धी कच्ची नाही. स्टाफरूममध्ये तुमच्या तोंडून जे निघालं ते कुणाच्याही तोंडून निघालं असतं, अगदी अहवाल वाचलेल्याच्याही. हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. यावर जवळपास पन्नास वर्षं अभ्यास चालू आहे.

१९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने त्यांना तीनदा बोलावलं. दर खेपेला ६० विधानं ऐकवली. काही खरी, काही खोटी, पण सगळीच पटण्याजोगी आणि सहसा कुणाला ठामपणे माहीत नसणारी. प्रत्येक विधान किती खरं वाटतं, त्याला १ ते ७ मध्ये गुण द्यायचे. या ६० पैकी २० विधानं तिन्ही वेळा तीच होती. नव्या विधानांचे गुण होते तिथेच राहिले. पुन्हा आलेल्यांची सरासरी मात्र ४.२ च्या आसपास होती ती तिसऱ्या खेपेपर्यंत ४.७ च्या घरात गेली. खऱ्या विधानांची वाढली तशी खोट्यांचीही वाढली. मधल्या काळात कुणी कसलाही पुरावा दिला नव्हता. विधान फक्त पुन्हा कानावर पडलं होतं. मानसशास्त्रात याला 'इल्युजरी ट्रूथ इफेक्ट' म्हणतात, आणि तेव्हापासून तो कितीतरी वेगवेगळ्या प्रयोगांत दिसला आहे.

असं का होतं? एखादी गोष्ट दुसऱ्यांदा समोर आली की ती समजून घ्यायला मनाला कमी कष्ट पडतात. वाक्य अडखळत नाही, नाव अनोळखी वाटत नाही. हा जो सोपेपणा असतो, त्याचा मन 'हे बरोबर असणार' असा अर्थ लावतं. इतकंच काय, १९९९ मधल्या एका प्रयोगात तीच विधानं नीट वाचता येतील अशा रंगात छापली तेव्हा ती फिक्या रंगातल्यापेक्षा जास्त खरी वाटली. मनाला याचा दोषही देता येत नाही. रोजच्या जगण्यात हा आडाखा बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. जगाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं फारच थोडं आपण स्वतः तपासलेलं असतं. बाकी सगळं वारंवार ऐकून आलेलं असतं आणि ते बहुतांशी खरं निघतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा हा आडाखा ओळखून कुणीतरी तो मुद्दाम वापरतं.

आता तुमचं म्हणणं, 'पण मला तर खरं माहीत होतं.' २०१५ मध्ये लिसा फाझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांच्या विधानांतलं एक होतं: साडी म्हणजे स्कॉटलंडचे लोक घालतात तो आखूड, चुण्यांचा स्कर्ट. वाचून तुम्हाला हसू येईल. पण त्या प्रयोगात असं दिसलं की बरोबर उत्तर ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही, अशी विधानं आधी एकदा वाचलेली असली की, जरा जास्तच खरी वाटत होती. ज्ञान डोक्यात होतं, पण मागवल्याशिवाय ते पुढे आलं नाही. ओळखीची भावना मात्र न बोलावता येते. पाच वर्षांच्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत हा परिणाम दिसतो, आणि हुशार माणसं त्यातून सुटतात असंही आढळलेलं नाही. म्हणून 'मी शिकलेली असून' हे वाक्य तुम्ही मनातून काढून टाकावं असं मला मनापासून वाटतं. या बाबतीत शिक्षणाचा अभिमान घातकच ठरतो, कारण मग आपण सावध राहत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. अहवाल तुम्ही वाचलात एकदा, वर्षापूर्वी. दावा मात्र वर्षभर डोळ्यांसमोरून जात राहिला. मजकूर आणि तो कुठून आला हे मन एकत्र बांधून ठेवत नाही. दावा लक्षात राहतो आणि 'हा खोटा ठरलाय' ही त्यावरची चिठ्ठी आधी गळून पडते. म्हणून यापुढे काही तपासलंत की एका ओळीत लिहून ठेवा. काय तपासलं, कुठल्या कागदात, कुठल्या तारखेला, काय निघालं. आणि ती ओळ लिहिताना जे खरं निघालं ते आधी लिहा.

पुनरावृत्तीची ताकद फुगवूनही सांगायला नको. ४.२ चं ४.७ होणं म्हणजे अर्धं पाऊल. कुणाचं डोकं त्याने धुऊन निघत नाही, आणि माणूस कुठल्या पक्षाचा आहे हे त्याच्या विश्वासावर कितीतरी अधिक परिणाम करतं. पण राजकारणात लाखो लोक एकाच वेळी अर्धं पाऊल सरकले तर काय होतं, ते गणिताच्या बाईंना मी सांगायला नको.

'तीच खोटी गोष्ट शंभरदा सांगितली की ती खरी वाटते', हे वाक्य गोबेल्सचं म्हणून आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भाषणांत, अग्रलेखांत, वादविवाद स्पर्धांत ते हमखास येतं. गोबेल्सची भाषणं आणि लेखन तपासणाऱ्या अभ्यासकांना हे वाक्य त्यात सापडलेलं नाही. नाझी प्रचार पुनरावृत्तीवर उभा होता यात शंकाच नाही, पण हे वाक्य त्याच्या नावावर चढलं ते आपण सगळ्यांनी ते पुन्हापुन्हा सांगितलं म्हणून. आणि त्यातलं 'शंभरदा'ही बरोबर नाही. २०२१ मध्ये एका अभ्यासात काही विधानं लोकांना तब्बल २७ वेळा दाखवली. खरेपणाच्या भावनेत सगळ्यात मोठी वाढ झाली ती दुसऱ्याच वेळी. पुढच्या प्रत्येक वेळी ती थोडीथोडी, कमीकमी होत गेली. म्हणजे बरंचसं काम पहिल्या एक-दोन फॉरवर्डमध्येच उरकतं.

आता दादांचं वाक्य. 'एवढे लोक बोलतायत.' त्यांचा हा मुद्दा मूर्खपणाचा नाही. अनेकांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली तर ती खरी असण्याची शक्यता वाढतेच. सगळा प्रश्न 'स्वतंत्रपणे' या शब्दात आहे. खांद्यावर बकरं घेऊन चाललेल्या ब्राह्मणाची गोष्ट आठवा. पहिला ठग म्हणतो, कुत्रं कशाला घेतलंय? ब्राह्मण हसतो. पुढच्या वळणावर दुसरा तेच म्हणतो, मग तिसरा. शेवटी तो बिचारा बकरं टाकून पळतो. तिघांचं आधीच ठरलेलं आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबी ते तीन वेगळे साक्षीदार होते. आजची स्थिती त्याहून वाईट आहे, कारण तीन ठगांचीही गरज उरलेली नाही. २००७ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की एकाच माणसाने एकच मत तीनदा मांडलं, तर ऐकणाऱ्याला ते मत जवळपास तीन वेगळ्या माणसांनी मांडल्याइतकं सार्वत्रिक वाटतं. आवाज एकाचाच आहे हे दिसत असूनही! तुमच्या ग्रुपवर वर्षभरात त्या दाव्याच्या जितक्या पोस्ट आल्या त्या दादांनी एकट्याने टाकलेल्या आहेत. दादांकडे त्या जिथून आल्या तिथेही कदाचित अशीच एक-दोन माणसं असतील. पण ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा जमाव होतो.

प्रचार करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी एका लाल बसवर लिहिलं होतं की आपण दर आठवड्याला संघाला ३५ कोटी पौंड पाठवतो. ही ढोबळ रक्कम होती. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा व्हायची, ते पैसे देशाबाहेर जातच नव्हते. सूट वजा केल्यावर आकडा २५ कोटींच्या आसपास यायचा, आणि त्यातलंही काही अनुदानांच्या रूपाने परत यायचं. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचं मतदानाआधीच जाहीरपणे सांगितलं. मग आठवड्यांमागून आठवडे वाद झाला. विरोधक प्रत्येक मुलाखतीत म्हणायचे, '३५ कोटी हा आकडा खोटा आहे.' म्हणजे प्रत्येक मुलाखतीत '३५ कोटी' पुन्हा ऐकू यायचे. २०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पाहणीत, तो दावा ऐकलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांना तो अजूनही खरा वाटत होता.

कधी कधी खोटं विधान स्पष्टपणे करावंही लागत नाही. २००३ च्या इराक युद्धाआधी अमेरिकेत सद्दाम हुसेन आणि ११ सप्टेंबरचा हल्ला या दोन गोष्टी भाषणांमागून भाषणांत शेजारीशेजारी यायच्या. त्या वर्षी 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होतं की त्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असण्याची शक्यता आहे. १७ सप्टेंबर २००३ रोजी अध्यक्ष बुश यांनी स्वतः सांगितलं की सद्दामचा त्या हल्ल्याशी संबंध असल्याचा आपल्याकडे पुरावा नाही. तोवर युद्ध सुरू होऊन सहा महिने होत आले होते. मला या गोष्टीचा आजही संताप येतो. हा विषय मी इतक्या जीव तोडून लिहिते तो यासाठी. तिथे माणसं मेली.

तुमचा दावा मी का गाळला, ते आता कळलं असेल. हे सदर अनेक जण वाचतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी तो अजून ऐकलेला नसेल. खोडून काढण्यासाठी का होईना, त्यांना तो पहिल्यांदा माझ्याकडून कळावा असं मला वाटत नाही.

मग दादांशी बोलायचं कसं? बोला, नक्की बोला. खोडून काढलं की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो, अशी एक भीती काही वर्षांपूर्वी फार पसरली होती. २०१० च्या एका अभ्यासात तसं थोडं दिसलंही होतं. पण नंतर १०,००० हून अधिक लोकांवर, ५२ मुद्द्यांवर प्रयोग झाले, तेव्हा तो उलटा परिणाम जवळपास कुठेच दिसला नाही. आपली बाजू न सोडताही लोक तथ्यापुरतं ऐकतात. गप्प बसण्यापेक्षा बोलणं बरं.

पण गेल्या वेळी तुम्ही दादांना सांगितलंत ते एवढंच, की हा आकडा खोटा आहे. त्याने त्यांच्या डोक्यात एक रिकामी जागा तयार झाली. पैसा तिकडे गेला नाही, मग गेला कुठे? १९९४ मध्ये दोन संशोधकांनी लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत टप्प्याटप्प्याने वाचायला दिली. आधी सांगितलं की एका कपाटात तैलरंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. नंतर दुरुस्ती आली, की ते कपाट रिकामंच होतं. दुरुस्ती लोकांच्या लक्षात होती. तरीही 'एवढा काळा धूर का आला?' असं विचारल्यावर उत्तर यायचं, रंगामुळे. त्याऐवजी जेव्हा सांगितलं की आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या, तेव्हा रंगाचे डबे बरेचसे मागे पडले. दादांना धूर दिसतो आहे. आग नाही असं सांगून त्यांचं समाधान होणार नाही. धूर कुठून येतो ते दाखवावं लागेल. अहवाल तुम्ही वाचला आहे. पैसा प्रत्यक्षात कशावर खर्च झाला, आणि खोटा आकडा कुठल्या रकान्यातून, कसा उचलला गेला, हे तुम्हीच सांगू शकता. वर्गात चुकलेलं उदाहरण सोडवून दाखवता, तसंच शांतपणे.

सुरुवात खऱ्या आकड्याने करा. मग एकदाच, 'याबद्दल एक चुकीची गोष्ट फिरते आहे' असं म्हणून दाव्याचा उल्लेख. मग तो चुकीचा कसा, ते. आणि शेवटी पुन्हा खरा आकडा. हे ग्रुपवर करू नका. चार माणसांसमोर धाकट्या बहिणीने खोटं पाडलं तर कुठला मोठा भाऊ ऐकून घेईल? समोरासमोर बसा, 'दादा, मला तुला काहीतरी दाखवायचंय' म्हणा. 'एवढे लोक' हा मुद्दा आला तर वाद घालू नका, फक्त विचारा, 'यातल्या कुणी कुणी अहवाल उघडला होता रे?'

आणि एक गोष्ट, जी खऱ्याच्या बाजूने बोलणारे आपण सगळे विसरतो. आपण एकदा सांगतो आणि 'सांगितलं होतं ना' म्हणून मोकळे होतो. पुन्हा तेच सांगायचा आपल्याला कमीपणा वाटतो. खोटं पसरवणाऱ्याला तो वाटत नाही. पुनरावृत्ती खऱ्या विधानांनाही तेवढीच मदत करते, हे पहिल्याच प्रयोगात दिसलं होतं. तेव्हा पुढच्या महिन्यात विषय निघाला की तोच खरा आकडा, त्याच साध्या शब्दांत पुन्हा सांगा. त्याच्या पुढच्या महिन्यातही. चिडून नाही, आणि शब्दही बदलू नका. ओळख व्हायला तेच शब्द लागतात.

थोडं कडू बोलते, रागावू नका. तुमच्या पत्रात फक्त दादांच्या बाजूचे दावे आहेत. तुम्हाला पटणारी जी बाजू आहे, तिचे दावेही वर्षभर तुमच्या कानावर पडलेच असतील. त्यातले किती तुम्ही तपासले? आपल्याला न आवडणारं खोटं आपण शोधून काढतो. आवडणारं मात्र ओळखीचं होऊन कधी मुरतं ते कळत नाही. महिन्यातून एकदा तरी तुमच्याच बाजूचा एखादा दावा मूळ कागदापर्यंत जाऊन बघा. दादांशी बोलताना त्याचा उपयोगही होईल. 'आमच्या माणसाचंही हे खोटं निघालं' असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकावंसं वाटतं.

स्वतःसाठी आणखी एक सवय लावून घ्या. नवीन दावा पहिल्यांदा वाचताना, 'बाप रे' म्हणायच्याही आधी, 'हे खरं आहे का, आणि मला यातलं काय माहीत आहे?' असं विचारा. २०२० मधल्या एका अभ्यासात, ज्या विषयाची माहिती लोकांना आधीपासून होती त्यात पहिल्याच वाचनाला खरेपणा तोलायला लावलं, तर पुनरावृत्तीचा परिणाम नाहीसा झाला. पहिलं वाचन महत्त्वाचं. नंतर सावध होणं फार उशिराचं असतं. आणि एखादी खोटी पोस्ट 'बघा, कसला मूर्खपणा' म्हणूनही पुढे पाठवू नका. शेरा विसरला जातो, पोस्ट राहते. शिवाय त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की खोटी बातमी वारंवार डोळ्यांखालून गेली की, ती खोटी आहे हे माहीत असूनही, ती पुढे पाठवणं लोकांना पूर्वीइतकं गैर वाटेनासं होतं. आपली चीड बोथट होते.

ग्रुप सोडायचा का? माझं मत, सोडू नका. तुम्ही गेलात तर तिथे मूळ अहवाल वाचलेलं कुणीच उरणार नाही. पण त्याच्या सूचना आजच बंद करा. दिवसातून दहा वेळा डोकावू नका. आठवड्यातून एकदा, वेळ ठरवून, तुम्ही लिहून ठेवलेल्या ओळी शेजारी घेऊन वाचा. दावा पुन्हा दिसला तर त्याखाली वाद न घालता, दादांचं नाव न घेता, खरा आकडा आणि मूळ अहवालाचा पान क्रमांक एवढंच टाका. ते दादांसाठी नसेल. काहीही न लिहिता सगळं वाचणारे काका, वहिनी, भाचे त्या ग्रुपवर आहेतच, त्यांच्यासाठी असेल. आणि स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांना उद्याच सांगा, 'त्या दिवशी मी चुकीचं बोलले, अहवालात असं आहे.' त्यांनी तो दावा तुमच्या तोंडून एकदा ऐकलेला आहे, म्हणून हे लांबणीवर टाकू नका.